जावयाच्या गुडघ्याचं तेल

आदेश विशे तसा भित्रा माणूस नव्हता. वाशिंदच्या कंपनीत स्टोअर सांभाळताना त्याने एकदा रॅकमागे निघालेली घोणस काठीने बाहेर काढली होती, आणि ही गोष्ट कोणी विचारो न विचारो, तो सांगत असे. पण मुरबाडच्या दवाखान्यात दर्शना सिस्टर टेबलापलीकडून जे समजावत होत्या, ते ऐकताना त्याने वर पंख्याकडे नजर लावली ती त्यांचं बोलणं संपेपर्यंत खाली आणली नाही. पंखा बंद होता.

प्रश्न त्याच्या बायकोने, वैष्णवीने विचारला होता. तिला आठवा संपत आला होता, पहिलटकरीण होती, आणि रीतीप्रमाणे सातव्यात ओटी भरून माहेरी आली होती. माहेरी येऊन विश्रांती मिळायची, तर मिळाली दिपाली. ही तिची चुलत बहीण उन्हाळ्यात बाळंत झाली होती आणि तेव्हापासून ती कथा येईल त्याला ऐकवत होती. "मला तर महिनाभर धड बसता येत नव्हतं गो. टाकं असं ओढायचं का जीव जायचा," असं ती शेंगा सोलता सोलता सांगे. वैष्णवीला कळांची भीती नव्हती. कळा सगळ्यांनाच येतात, आणि येतात तशा जातात. तिला भीती होती फाटण्याची. ती भीती तिच्या मनात अशी बसली की तिची झोप गेली, जेवण गेलं, आणि बाळाने लाथ मारली की आनंदाच्या आधी तिला दिपालीचे टाके आठवू लागले.

"थोडंफार फाटतं गं पहिल्या वेळेला बऱ्याच जणींचं," सिस्टर म्हणाल्या. "पण आधीपासून त्या जागेला मालिश केलं तर कातडी ताणायला जरा सरावते. गॅरंटी नाही, पण उपयोग होतो. हात स्वच्छ धुवायचे, नखं बारीक कापायची, साधं खोबरेल तेल. अंगठा थोडासा आत घेऊन खालच्या बाजूला आणि दोन्ही कडांना हळूहळू दाबायचं. वरच्या बाजूला नाही, तिथे लघवीची जागा. जळजळल्यासारखं वाटलं की तिथेच थांबून श्वास सोडायचा. पुढच्या आठवड्यापासून सुरू करा, दोन-तीन दिवसांआड, चार-पाच मिनिटं. रक्त दिसलं, पाणी गेलं किंवा खाज-जळजळ असली तर करायचं नाही, सरळ इकडे यायचं." मग त्यांनी वैष्णवीच्या पोटाकडे पाहिलं. "तुझा हात काही पोचायचा नाही आता. मिस्टर करतील. काय हो?"

मिस्टर पंखा बघत होते.

परत येताना आदेशने मोटारसायकल मुरबाडच्या बाहेर काढली. मग मागून वैष्णवी म्हणाली, "तुमी ऐकलं ना?"

"ऐकलं."

"करायचं आपन."

"आपन म्हंजे?"

"म्हंजे तुमी."

आदेशने गाडी खड्ड्यात घातली. पुढे कितीतरी वेळ तो त्या खड्ड्याला आणि रस्ता करणाऱ्याला शिव्या देत राहिला. त्याची भीती वेगळी होती. स्टोअरमध्ये त्याच्या हातून आठवड्याला एक तरी ट्यूबलाइट फुटायची. अशा हातांवर सिस्टर एवढं नाजूक काम सोपवतात, आणि आपल्या हातून तिला काही झालं तर? पण मागे बसलेल्या वैष्णवीने त्याचा शर्ट घट्ट धरला होता, आणि ती पकड खड्ड्यामुळे नव्हती एवढं त्याला समजत होतं.

पहिली पायरी तेल. घरात डोक्याला लावायचं तेल होतं, पण त्याला वास होता आणि रंगही होता, म्हणून आदेश वाशिंदच्या दुकानात शुद्ध खोबरेल मागायला गेला. दुकानदार हा प्राणी एरवी मुका असतो. पण माणसाला लपवायचं असेल त्या दिवशी त्याला कंठ फुटतो. "डोक्याला पायजे का खायला, का मालिशला?" असं त्याने पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

"मालिशला," आदेश पुटपुटला.

"कसल्या मालिशला?" हा प्रश्न मागून आला. मागे देवराम अण्णा उभे होते.

देवराम अण्णा आदेशच्याच बिल्डिंगमध्ये राहत. आदेश आणि वैष्णवीची सोयरीक त्यांनीच जमवली होती. आपल्याकडे सोयरीक जमवणारा माणूस लग्नात फेटा बांधून घेतो आणि पुढे जन्मभर त्या फेट्याची किंमत वसूल करतो. नवरा-बायकोत काही खुट्ट झालं तरी दोन्हीकडचे लोक आधी त्याला धरतात, त्यामुळे त्याला सगळं आधी कळावं लागतं. अण्णांना ते कळत असे, आणि कळलेलं त्यांच्या पोटात टिकत नसे.

"गुडघ्याच्या," आदेश म्हणाला. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात महाग पडलेला शब्द.

अण्णांनी तिथेच त्याला निरगुडीचा पाला, एरंडेल, गरम विटेचा शेक आणि कल्याणच्या एका डॉक्टरचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी कंपनीत साहेबांनी त्याला शिडीवर चढायला बंदी केली. ज्या माणसाने घोणस काढली होती, त्याला स्टुलावर बसवून हाताखालचा पोरगा वरच्या फळीवरचे खोके काढू लागला. आदेशच्या मनाला ते फार लागलं, पण आता गुडघा मागे घेता येत नव्हता. उलट आठवण ठेवून लंगडावं लागत होतं.

रविवारी तो सासुरवाडीला पोहोचला. रोज रात्री नेलकटर घेऊन बसल्यामुळे नखं इतकी खोल कापली गेली होती की बोटं हुळहुळत होती. अंगणात भाताचं खळं पडलेलं, सासरे कोंडूमामा झोडणीला लागलेले. त्याला पाहताच ते काम टाकून धावत आले आणि त्यांनी त्याला दंडाला धरून गाडीवरून उतरवलं. अण्णांचा फोन येऊन गेला होता. ओटीवर गोणपाट अंथरलं होतं, आणि शेजारी डोंगरपाड्याचा धाऊ बाह्या सारून बसला होता. लचक, मुरगळा, सांधा, पंचक्रोशीतलं सगळं धाऊच्या हाताखालून जात असे.

"कंचा?" धाऊने विचारलं.

"काय कंचा?"

"गुडघा."

आदेशने जरा विचार करून उजवा पुढे केला.

सासूबाई, म्हणजे गिरजामामी, तोवर त्याची पिशवी आत नेऊन परत आल्या होत्या. "तेल पावन्यांनी आनलंच हाय," त्या म्हणाल्या आणि बाटली धाऊच्या हातात दिली. दारात उभ्या वैष्णवीने तोंडाला पदर लावला. धाऊ हा काटकसरीचा माणूस नव्हता. त्याने अख्खी बाटली त्या निरोगी गुडघ्यावर ओतली आणि तो गुडघा असा काही पिळला की आदेशला लहानपणीचे दिवस आठवले. सगळं झाल्यावर धाऊ हात पुसत कोंडूमामांना म्हणाला, "याला काय झालेलं नाय." मागच्या अंगणात एक कोंबडी केकाटली आणि गप्प झाली.

त्या घरात जावई उंबऱ्याच्या आत आला की कोंबडी कापायची, ही रीत होती. गिरजामामींच्या कोंबड्या आदेशला ओळखत होत्या असं तो पुढे शपथेवर सांगत असे. रस्सा, भाकरी, वर आग्रह, आणि जावई जेवतो आहे म्हणून बघायला आलेली गोदूबाय. ही शेजारीण एकटी होती आणि दुपारभर त्याच ओटीवर बसून असे. तिने पपई खाऊ नको, उंबऱ्यावर बसू नको, ग्रहणात चिरू नको, असे वैष्णवीला एका दमात नऊ महिन्यांचे उपदेश केले. या सगळ्यात नवरा-बायकोला एक मिनिटही एकटं मिळालं नाही. दिवसाढवळ्या भरल्या घरात दार लावून बसणार तरी कसं?

निघताना वैष्णवी गाडीपर्यंत आली. "तेल संपलं," ती म्हणाली.

"आनतो दुसरं."

"कवा? माजं दिवस भरत आलंत आनि तुमी गुडघं चोलून घेताय." हे बोलताना ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. आदेशला वाटलं की गाडी इथेच टाकावी आणि तिच्याजवळ बसून राहावं. पण ओटीवरून चार माणसं बघत होती, म्हणून त्याने किक मारली. वाशिंदला गाडीवरून उतरला तेव्हा मात्र तो खरोखर लंगडत होता.

पुढच्या वेळी तो कंपनीतली पहिली पाळी संपवून दुपारी आला. माणसं खळ्यावर असतील असा त्याचा हिशोब होता. नवीन बाटली त्याने पँटच्या खिशात लपवली होती. पण ते थंडीचे दिवस, रात्रीच गोठलेलं तेल वाटेतल्या गार वाऱ्यात काही पातळ झालं नव्हतं. तापवायला चुलीजवळ न्यावं तर चुलीजवळ मामी, आणि चुलीवर अर्थातच कोंबडी. शेवटी आदेशने बाटली काखेत धरली आणि तशीच धरून तो जेवला. डावा हात अंगाला चिकटवून एका हाताने भाकरी तोडणाऱ्या जावयाकडे गोदूबाय टक लावून बघत होती. "पावन्यांचा आता हात पन गेला काय?" तिने विचारलं.

जेवणं झाली. मामा खळ्यावर गेले. "बॅग भरायची हाय दवाखान्याची, जरा बघा," असं मोठ्याने म्हणत वैष्णवीने त्याला आतल्या खोलीत नेलं. तिथे भाताची कणगी होती, देव होते, रिकामी पोती होती आणि दाराला कडी नव्हती. आदेशने भाताचं भरलेलं पोतं दाराला लावलं. साबणाने हात धुतले. तेल अंगठ्याला लावलं. वैष्णवी भिंतीला उशी लावून बसली, तिने डोळे मिटले, आणि आदेश दोन्ही हातांना पुन्हा पुन्हा तेल लावत बसला.

"अवो, घाबरताय कशाला? मी घाबरलेय तेवढं पुरं हाय की," ती म्हणाली.

तेवढ्यात दारावर धक्का बसला. भात भरायला पोती कमी पडली होती आणि कोंडूमामा ती न्यायला आले होते. "दार कोनी लावलं रे? आरं, पोतं कोनी सारलं?" मामांनी बाहेरून खांदा लावला. आदेशने आतून पोतं धरलं. आपण सासऱ्याच्या घरात सासऱ्यालाच अडवतो आहोत हे ध्यानात येऊन त्याने ते एकदम सोडलं, आणि मामा पोत्यावरून थेट कणगीवर आले. आत वैष्णवी पांघरूण घेऊन बसलेली, जावई तेलाचे हात वर धरून उभा. मामा रिकामी पोती उचलून मोजत मोजत बाहेर गेले. बाहेर आल्यावर मामींनी चहा दिला, तर त्या तेलकट हातांतून कप निसटला आणि पाटाच्या कडेवर फुटला. बशी आदेशने पकडली होती, पण तिचं कोणी कौतुक केलं नाही. त्या दिवशी तो गेल्यावर वैष्णवी कणगीमागे बसून रडली. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख जवळ येत होती, आणि अजून काहीच झालं नव्हतं.

ते रडणं गोदूबायने ऐकलं. मग काय, धाऊचा निकाल, काखेतला हात, लावलेलं दार आणि पोरीचं रडणं, एवढा ऐवज गावाला पुरेसा होता. गोदूबायचं मत पडलं की जावयाला बाळंतपण माहेरी नको आहे. कोंडूमामांना खात्री झाली की कंपनीने त्याला काढून टाकलं आहे. नाहीतर कामाचा माणूस एका आठवड्यात दोनदा येईल कशाला, आणि खोटा गुडघा सांगेल कशाला? त्यांनी अण्णांना फोन लावला, आणि सोयरीक तुमी जमवलीत, आता तुमीच निस्तरा, असं सुनावलं.

म्हणून पुढच्या खेपेला आदेश आला तेव्हा ओटीवर बैठक बसलेली होती. अण्णा मधोमध, डोक्याला टॉवेल बांधून. बाजूला मामा. खांबाला टेकून गोदूबाय, जिला कोणी बोलावलं नव्हतं. आदेशला समोर बसवलं. त्याच्या खिशात बाटली होती. घोणशीच्या वेळी निदान हातात काठी होती.

"काम हाय का गेलं?" अण्णांनी सुरुवात केली.

"हाय."

"मग काय पोरीशी भांडन?"

"नाय."

"गुडघा?"

आदेशने मान खाली घातली. "बरा हाय. पहिल्यापासून बराच व्हता."

"मग सारखा येतोस कशाला रे?" मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. "आमी काय परके हाव? पोरगी रडते आमची. तिला खाल्लेलं लागत नाय. काय हाय ते सांगून टाक एकदा."

आदेशने खिशातली बाटली चाचपली. हे वाक्य मराठीत कसं सुरू करायचं तेच त्याला सुचेना. सासऱ्यासमोर, मध्यस्थासमोर, गोदूबायसमोर कुठल्या शब्दाला हात घालणार? त्याच्या कपाळावर घाम आला, आणि ते पाहून सगळ्यांचा संशय पक्का झाला.

"ते माज्यासाठी येतात," मागून आवाज आला. वैष्णवी दाराची चौकट धरून उभी होती. "बाळ यायच्या वाटेला तेल लावून मालिश करायचं असतं. दर्शना सिस्टरनं सांगितलंय. म्हंजे फाटायचं कमी व्हतं. माजा हात पोचत नाय म्हनून ते येतात. त्यांचा तुमी गुडघा चोलता, त्यांना कोंबरी घालता, आनि घरी पाठवता. मला भीती वाटते, बाबा. रातभर झोप नाय मला. फाटलं तर काय करू मी?"

अण्णांनी टॉवेल सोडला आणि पुन्हा बांधला. मामा पायाखालचा भाताचा दाणा नखाने सोलू लागले. तो सोलून झाल्यावर त्यांनी दुसरा घेतला. गोदूबाय मात्र सावरली. "आमच्या टायमाला असलं काय नव्हतं, बाय. आमी काय बाळंत झालो नाय?"

आतापर्यंत चुलीपुढून न उठलेल्या गिरजामामी हात पुसत बाहेर आल्या. "झालो," त्या म्हणाल्या. "आनि मंग काय झालं ते कोनाला सांगितलंस तू, गोदूबाय?" गोदूबाय खांब सोडून आपल्या चपला शोधू लागली. मामी पुरुषांकडे वळल्या. "खल्यावर भात पडलंय. अन्ना, तुमी पन जा. दोन हात मारा."

वाशिंदला बिल्डिंगमध्ये राहायला गेल्यापासून अण्णांनी भात झोडलं नव्हतं. ते निमूट गेले. मामींनी सूप घेतलं, उंबऱ्याबाहेर पाय पसरून बसल्या आणि भात पाखडायला लागल्या. कोणी दाराकडे वळलं की त्या "पावनं झोपल्यात" एवढंच सांगत.

आत आदेशने हात धुतले. अंगठ्याला तेल लावलं. वैष्णवी म्हणाली, "हलू," आणि मग, "जलतंय थोडं," आणि दोघांनी मिळून श्वास सोडला. एवढंच. ज्यासाठी एवढी बैठक बसली ते काम भात पाखडून व्हायच्या आत झालंसुद्धा. त्या रात्री तिला झोप लागली, असं तिने सकाळी फोनवर सांगितलं. त्यानंतर आदेश आला की मामी सूप घेऊन उंबऱ्याबाहेर बसत. पाखडायचं भात संपलं, तेव्हा त्या पाखडलेलंच पुन्हा पाखडू लागल्या. तीन-चार खेपांनंतर आदेशही एकदाच तेल लावून कामाला लागू लागला.

वैष्णवी बाळंत झाली ती भर सकाळी. मुलगी. आदेश बाहेर बाकावर होता आणि आतला प्रत्येक आवाज त्याच्या पाठीतून जात होता. दर्शना सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्याने मुलगा की मुलगी हे विचारलं नाही. "फाटलं का हो?" असं विचारलं, तेही सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं.

"थोडंसं. दोनच टाके घातले," सिस्टर म्हणाल्या.

आदेश परत बाकावर बसला. लंगडणं, काखेतली बाटली, मामांशी झालेली झुंज, एवढ्या अब्रूच्या बदल्यात वर दोन टाके. त्याला स्वतःचाच राग आला. आपणच कुठे कमी पडलो, असं त्याला वाटत राहिलं. आत सोडल्यावर तो वैष्णवीजवळ जाऊन उभा राहिला, पण त्याला तिच्याकडे बघवेना.

"तोंड कशाला पाडलंय?" ती म्हणाली. ती दमली होती, पण तिचा चेहरा महिनाभरात दिसला नव्हता तेवढा मोकळा होता. "शेवटाला ते जलायला लागलं ना, तवा मला कललं, हे तेच हाय. मंग मी श्वास सोडला. नायतर मी तिथंच मेली असती भीतीनं." तिने त्याचा हात धरला आणि धरूनच झोपी गेली.

दुपारी आदेश चहा घेऊन व्हरांड्यात आला, तर कोपऱ्यात गिरजामामी दर्शना सिस्टरांना थांबवून उभ्या होत्या. नात त्यांच्या पदरात गुंडाळलेली. मामींचा आवाज अगदी हळू होता.

"माजं पन फाटलं व्हतं, बाय. वैष्णवीच्याच टायमाला. घरीच झाली ही. टाकं कोनी घातलं नाय. तवापासून खोकला आला, शिंक आली, का लघवी थांबत नाय मला. वझं उचललं का अंग खाली उतरल्यासारखं व्हतं. एवढ्या वर्सांनी आता काय व्हतं का त्याचं?"

"होतं," सिस्टर म्हणाल्या. "आधी तपासू. आत्ताच चला."

मामींनी इकडेतिकडे पाहिलं. आदेश दिसला तेव्हा त्या क्षणभर घुटमळल्या, मग त्यांनी बाळ त्याच्या हातात दिलं आणि सिस्टरांच्या मागून आत गेल्या.

थोड्या वेळाने कोंडूमामा पेढे घेऊन आले. "ही कुठं गेली?"

"डॉक्टरांकडं."

"कशाला? तिला काय झालंय?"

"वैष्णवीच्या टायमाला फाटलं व्हतं त्यांचं, मामा," आदेशने सरळ त्यांच्याकडे बघत सांगितलं. "तवापासून सोसतायत. तुमाला म्हाईत नव्हतं?"

मामा पेढ्यांचा पुडा हातात धरून तसेच उभे राहिले. मग बाकावर बसले आणि बंद दाराकडे बघू लागले.

"नाय," ते म्हणाले. "मी कवा इचारलंच नाय."